टाकी भरली, पाटी लागली... पाणी गेलं कुठे?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मागचे तीन वीकेंड एका रिलीजने खाल्ले. आज शनिवार, सकाळपासून बाहेर रिपरिप चालू आहे, चहाचा दुसरा कप संपलाय आणि विषयही पाण्याचाच आहे. पण भजी, खिडकी, गवती चहा असला पाऊस वाचायला आला असाल तर आधीच सांगतो, आज ते नाही. आज थोडा कबुलीजबाब आहे आणि बराचसा हिशोब.

तर झालं असं. २०२२ साली आमच्या बॅचला दहावी होऊन दहा वर्षं झाली. ग्रुपवर कुणीतरी टूम काढली, शाळेसाठी काहीतरी करू या. (शाळेचं नाव सांगत नाही. पुण्यातली, मराठी माध्यमाची, उतारावर बांधलेली, खालच्या अंगाला एक गल्ली आणि गल्लीपलीकडे ओढा. एवढं पुरे.) निम्मी बॅच आयटीत, त्यामुळे पैसे पटापट जमले. काय करायचं यावरही फार वाद झाला नाही. रेन वॉटर हार्वेस्टिंग! ऐकायला चांगलं, फोटोला चांगलं, आणि विरोध कोण करणार? गच्चीचे पाइप एकत्र केले, एक फिल्टर बसवला, १०,००० लिटरची टाकी ठेवली. मोठ्या बाईंच्या हस्ते नारळ फुटला, पाटी लागली. पाटीवर आमची नावं. माझं तिसरं.

टाकीचं काम तसं स्वस्तात झालं. खरा पैसा लागला तो दुसऱ्या कामाला. पालकांची जुनी तक्रार होती की पावसाळ्यात मैदानात चिखल होतो, पोरांचे बूट-मोजे खराब होतात, चिखल वर्गात येतो. मग आमचे उरलेले पैसे, संस्थेची भर, पालकांची भर असं करून मैदानावर पेव्हर ब्लॉक टाकले. सगळ्या मैदानावर. आम्ही जिथे लगोरी खेळताना गुडघे फोडून घेतले, तिथे आता लालपिवळी नक्षी आली. लई भारी दिसत होतं, खोटं कशाला बोलू?

गेल्या वर्षी जूनमध्ये एका शनिवारी शाळेत गेलो होतो. नववीच्या मुलांना 'इंजिनीअरिंग म्हणजे काय' वगैरे सांगायला बोलावलं होतं. निघताना आभाळ फुटलं. गेटापाशी पत्र्याच्या शेडखाली आमचे शिपाईमामा उभे होते, त्यांच्याजवळ जाऊन थांबलो. मामा आम्ही पाचवीत असल्यापासून तिथे आहेत. आमची उशिरा येणारी अख्खी टोळी त्यांनी वर्षानुवर्षं गेटातून आत घेतलीये.

मी म्हटलं, "काय मामा, मस्त पाऊस!"

मामा मैदानाकडे बघत म्हणाले, "थांब. धा मिंटं थांब, मग सांग."

दहा मिनिटंही लागली नाहीत. सगळं मैदान चकचकीत झालं आणि पाण्याचा एक पातळ पडदा सरळ गेटाकडे यायला लागला. शिवाय टाकीच्या ओव्हरफ्लोचा पाइप आम्ही गेटाजवळच काढलेला, तोही धो धो सुटला. दोन्ही मिळून गेटाखालून गल्लीत. त्या गल्लीत तिसरं घर मामांचं.

"पूर्वी मैदान आधी स्वतः प्यायचं," मामा म्हणाले. "मग डबकी भरायची. मग कुठं गेटाकडं यायचं. अर्धा-पाऊण तास जायचा, तवर पाऊस थांबायचा पण. आता पडलं की निघालं. मागल्या टायमाला उंबऱ्यावरून आत आलं. चेंबर पण उलटलं, घाण पाणी. पोरीची बारावीची पुस्तकं भिजली."

"मग बोलला का नाहीत मामा?"

"तुमी पोरांनी एवढे पैशे दिले. कसं बोलणार?"

आता यावर काय उत्तर आहे? मला तरी सुचलं नाही. पाऊस थांबल्यावर मी टाकीपाशी गेलो आणि शिडीवर चढून झाकण उघडलं. काठोकाठ भरलेली. मामांना विचारलं, कधीपासून? म्हणाले, पहिल्या आठवड्यापासून. पाणी वापरत नाही का? नाही. टाकीला एकच नळ आहे, त्याला कुलूप आहे, पाहुणे आले की सोडून दाखवतात.

घरी आल्यावर वही काढली. इंजिनीअरिंगला सिव्हिलचा एक विषय सगळ्यांनाच असतो, तो मी रडतखडत पास झालो होतो. पण या हिशोबाला तेवढंही लागत नाही. एकच गोष्ट लक्षात ठेवायची: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. बाकी सगळं गुणाकार.

आमच्या शाळेची गच्ची साधारण ८०० चौरस मीटर, मैदान १,८००. समजा तासाभरात ४० मिमी पाऊस पडला. पुण्यात जून किंवा सप्टेंबरच्या वळवासारख्या सरीत यात काही विशेष नाही. गच्चीवरून, थोडी गळती-वाफ सोडून, साधारण २७,००० लिटर पाणी आलं. आमची टाकी रिकामी असती तरी त्या वेगाने २२ मिनिटांत भरली असती. पण ती आधीच भरलेली! म्हणजे तिने अडवलेलं पाणी किती, तर शून्य.

आता मैदान. त्यावर पडलं ७२,००० लिटर. दाबून बसलेल्या मातीवरून यातलं साधारण ४० टक्के वाहून जातं असं धरा, म्हणजे २९,००० लिटर. पेव्हर ब्लॉकवरून सहज ८० टक्के, म्हणजे ५८,०००. फरक २९,००० लिटरचा. सोसायटीत टँकर येतात ना, १०,००० लिटरचे? तसले जवळजवळ तीन टँकर आम्ही एका तासात गल्लीत जास्तीचे ओतले, वर टाकीचा ओव्हरफ्लो. आणि हे नुसतं किती एवढ्यावर थांबत नाही, किती लवकर हेही बघावं लागतं. मामांचा 'अर्धा-पाऊण तास' आणि 'पडलं की निघालं' यातला फरक हाच सगळ्यात महत्त्वाचा आकडा आहे. गल्लीतली गटार तेच पाणी दोन तासांत आलं असतं तर वाहून नेऊ शकली असती. वीस मिनिटांत आलं की ती हात वर करते. आयटीवाल्यांना वेगळं सांगायला नको: सर्व्हर दिवसाच्या एकूण ट्रॅफिकने पडत नाही, एकदम आलेल्या लोंढ्याने पडतो.

इथेच माझा मुद्दा येतो. आपण शाळेत रेन वॉटर हार्वेस्टिंग करतो तेव्हा एकच प्रश्न विचारतो, 'किती पाणी साठवलं?' पाटीवर तोच आकडा असतो, बातमीत तोच. माझं म्हणणं असं की पहिला प्रश्न 'गेटाबाहेर किती पाणी गेलं, आणि किती वेगाने?' हा असला पाहिजे. साठवणीचा नंबर त्यानंतर.

का? कारण साठवणीचा आकडा तसा किरकोळच निघतो. पुण्याचा वर्षाचा सरासरी पाऊस ७०० मिमी धरला तर आमच्या अख्ख्या गच्चीवरून वर्षात साधारण ४,७६,००० लिटर मिळतील. केवढा मोठा आकडा! पण भारतीय मानकात दिवसाच्या शाळेसाठी माणशी रोज ४५ लिटर धरतात. ६०० मुलं, म्हणजे रोजचे २७,००० लिटर. वर्षभराचा सगळा पाऊस जेमतेम १८ दिवसांचा. तोही सगळा साठवायला केवढी टाकी लागेल याचा विचार करा. त्यामुळे 'शाळेचा पाणीप्रश्न सुटला' असं कुठल्या भाषणात ऐकलंत तर टाळी वाजवण्याआधी कॅल्क्युलेटर काढा.

मग टाकी नकोच का? असं अजिबात नाही. टाकी हवी, पण वापरातली हवी. ६०० मुलांच्या स्वच्छतागृहाला दर मुलामागे दिवसाला १० लिटर धरले तर ६,००० लिटर झाले. आमची १०,००० लिटरची टाकी तिकडे जोडली असती (अर्थात पिण्याच्या लाइनपासून पूर्ण वेगळी) तर दीड-दोन दिवसांत रिकामी झाली असती. पुढच्या सरीला पुन्हा जागा. पावसाळाभर भर-उपस, भर-उपस. म्हणजे नळाचं पाणी वाचलं आणि मोठा पाऊस आला तेव्हा टाकीत जागाही असली. भरलेली टाकी बघून आपल्याला समाधान वाटतं, पण पुराच्या दृष्टीने भरलेली टाकी आणि नसलेली टाकी सारखीच. बफर फुल झाला की पुढचं सगळं ड्रॉप.

आपल्याकडच्या जुन्या लोकांना हे चांगलं कळत होतं. बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांत कधी गेलात तर मूर्तींबरोबर जमिनीकडेही बघा. कातळात खोदलेल्या पन्हळी आणि लेण्यालेण्यापाशी पाण्याची टाकी. तिथल्या शिलालेखांत टाक्याला 'पोढी' म्हटलंय. ती टाकी राहणाऱ्या भिक्खूंच्या वापरासाठी होती, पाहुण्यांना दाखवण्यासाठी नाही.

दुसरी गोष्ट मैदानाची, आणि मला वाटतं तीच खरी. टाकी १०,००० लिटरची. मैदान १,८०० चौरस मीटर. त्यावर पाच सेंटीमीटर पाणी थोडा वेळ थांबवलं तर? ९०,००० लिटर! मैदानाला उतार आहे म्हणून प्रत्यक्षात निम्मं धरा, तरी ४५,०००. साडेचार टाक्या, विकत न घेता. त्यासाठी खालच्या बाजूला वीतभर उंचीचा कठडा, आणि त्यात जाळी लावलेला एक चार इंची पाइप. पाणी तीनेक तासांत हळूहळू निघून जातं. त्यात मोटर नाही, सेन्सर नाही, ॲप नाही. (हो, आमच्यातल्या एकाने ॲप सुचवलं होतं.) जपानमध्ये शाळांची मैदानं अशी मोठ्या पावसात काही काळ पाणी थांबवायला वापरतात. पॅरिसमध्ये तर २०१८ पासून शाळांच्या आवारातलं डांबर उखडून माती आणि झाडं आणायचं काम चालू आहे, उन्हाळ्यातल्या उष्णतेसाठीही आणि पाण्यासाठीही. तिकडे उखडतायत आणि आपण इकडे वर्गणी काढून टाकतोय!

"अरे पण चिखलाचं काय?" हा प्रश्न मला ग्रुपवर लगेच आला, आणि तो चुकीचा नाही. ज्या आईला रोज रात्री युनिफॉर्म धुऊन पंख्याखाली वाळवायचा असतो, तिला 'माती चांगली' असं एअर कंडिशन्ड ऑफिसातून सांगणं सोपं आहे. पण चिखल नको म्हणून अख्खं मैदान झाकायची गरज नव्हती. गेटापासून वर्गापर्यंत चालायची वाट पक्की करा, प्रार्थनेला उभं राहायची जागा करा. बाकी मैदानावर मुरूम टाकून, नीट दाबून, कडेने झाडांची आळी ठेवा. रोज चालण्याची जागा कोरडी आणि पिणारी जमीन मोकळी, दोन्ही होतं. आम्ही हा विचारच केला नाही, कारण ब्लॉकचा भाव चौरस फुटावर ठरला होता आणि ठेकेदाराला अर्थातच जास्त फूट हवे होते.

"मग सगळं पाणी बोअरमध्ये सोडून द्या की!" हेही एकाने सुचवलं. आमच्या बॅचमधला सिव्हिलवाला त्याच्यावर जवळजवळ धावून गेला. गच्चीचं पाणी, पहिल्या सरीची घाण सोडून आणि गाळून, बोअरला देता येतं. मैदानाचं पाणी म्हणजे माती, प्लॅस्टिक, कुत्र्यांची घाण, गाड्यांचं तेल. ते थेट बोअरमध्ये सोडणं म्हणजे सगळ्या गल्लीच्या भूजलात घाण टोचून देणं. शिवाय आपल्याखाली बेसॉल्ट आहे. पाणी अख्ख्या कातळात मुरत नाही, ते भेगांतून आणि वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरातून जातं. ज्या जागी मुरूम जाड आहे तिथे शोषखड्डा छान चालतो. दहा पावलांवर कातळ वर आलेला असेल तर तोच खड्डा डासांचा तलाव होतो. म्हणून आधी एक खड्डा खणायचा, पाणी भरायचं आणि तासात किती उतरतं ते मोजायचं. याला बालदी, पट्टी आणि घड्याळ लागतं. नववीच्या मुलांचा प्रयोग होईल इतकं सोपं.

तिसरी गोष्ट अशी की ज्याच्यावर मी दिवसाचे नऊ तास पोट भरतो, तीच शाळेत विसरलो: सपोर्ट! सॉफ्टवेअर लाइव्ह झालं की काम संपत नाही, तिथे सुरू होतं, हे क्लायंटला आपण दर मीटिंगमध्ये सांगतो. आणि शाळेत? पाटी लावली आणि पळालो. गच्ची झाडायची कुणी? पहिल्या सरीचं पाणी सोडायचा व्हॉल्व्ह उघडायचा कुणी? (८०० चौरस मीटरवर पहिले दोन मिलिमीटर म्हणजे १,६०० लिटर धूळ आणि कबुतरांची विष्ठा, ते टाकीत जाता कामा नये.) फिल्टरमधली वाळू कुणी धुवायची? झाकण घट्ट आहे ना, डास आत जात नाहीत ना, हे कुणी बघायचं? या सगळ्याचं उत्तर आम्ही न विचारताच 'मामा' असं धरलं होतं. ज्यांच्या घरात पाणी जात होतं, त्यांनाच विनापगारी सपोर्ट इंजिनीअर करून टाकलं.

कायद्याचं म्हणाल तर तो आहे. तामिळनाडूने २००३ साली राज्यभर सक्ती केली, आपल्याकडेही ठरावीक आकारापुढच्या प्लॉटवरच्या नव्या बांधकामांना यंत्रणा बसवावी लागते, पुणे महापालिकेने मिळकतकरात सवलतही ठेवली. पण तुम्ही राहता त्या सोसायटीत, पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर, ती यंत्रणा चालते का हे बघायला कुणी आलेलं तुम्हाला आठवतंय? मला तरी नाही. आणि मुळात आपण स्वतः कधी बघितलंय?

कुणी म्हणेल, एका शाळेने असं काय होणार? बरोबर आहे. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला. त्यापुढे आमचा वीतभर कठडा म्हणजे काहीच नाही. पण २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र पुणेकरांना आठवत असेल. आंबिल ओढ्याने कात्रजपासून सहकारनगर, अरण्येश्वरपर्यंत घरात घुसून माणसं नेली. पुणे परिसरात वीसहून जास्त बळी गेले. त्याची कारणं अनेक आहेत, ओढ्यात झालेली बांधकामं त्यात आहेतच. पण ओढ्यात येणारं पाणी कुठून तरी निघतं ना? ते अशाच हजारो गच्च्या, पार्किंग, कोबे आणि ब्लॉकवरून निघतं. प्रत्येक जण आपलं आवार कोरडं ठेवतो आणि पाणी पुढच्याकडे ढकलतो. सगळ्यात शेवटचा 'पुढचा' म्हणजे ओढ्याकाठचं घर. त्याला ढकलायला कुणीच उरत नाही.

मग आता आम्ही काय केलं? फार नाही. ग्रुपवर सगळा हिशोब टाकला. नारळ फोडण्याच्या वेळी ४२ जण उत्साही होते, ब्लॉक उखडायच्या वेळी ९ उरले. (पाटी नाही ना यावेळी.) त्या नऊ जणांच्या पैशात टाकी स्वच्छतागृहाला जोडली. नळाचं कुलूप गेलं. ओव्हरफ्लोचा पाइप गेटापासून काढून कडुनिंबाच्या बाजूच्या चरात सोडला. मैदानाच्या खालच्या कडेची तीन मीटर रुंद पट्टी उखडून तिथे खडी आणि माती भरली आणि कठडा बांधला. गच्ची आणि फिल्टर साफ करायला वर्षाचे पैसे वेगळे काढलेत, ते काम मामांच्या गळ्यात घातलेलं नाही. मधलं मैदान अजून लालपिवळंच आहे, संस्थेने 'बघू' म्हटलंय. मोठ्या बाईंनी मात्र एक छान गोष्ट केली. सातवीच्या मुलांना सरळ उभ्या बाटलीचं पर्जन्यमापक करायला लावलं आणि एक वही ठेवली. किती पाऊस पडला, टाकी किती भरली, आणि गेटाखालून पाणी किती मिनिटांनी गेलं. हा शेवटचा रकाना मामांच्या सांगण्यावरून घातला.

मागच्या आठवड्यात त्या वहीचा फोटो मागवला. एका दुपारी चांगली सर झाली होती. शेवटच्या रकान्यात कुण्या पोराने वळणदार अक्षरात लिहिलं होतं, '३५ मिनिटे'. पूर्वीइतकं नाही, पण दहापेक्षा बरं. मामांना फोन केला. म्हणाले, "उंबऱ्यापर्यंत आलं, आत नाही आलं." मोठा पाऊस अजून व्हायचाय, त्यामुळे आत्ताच पाठ थोपटून घेत नाही.

तुमच्यापैकी बरेच जण आपापल्या शाळेला काही ना काही देत असणार, किंवा देणार असणार. जरूर द्या. पण चेक लिहायच्या आधी एकदा भर पावसात शाळेत जा. छत्री घ्या, गेटाशी उभे राहा, पाणी कुठून येतं आणि कुणाच्या दारात जातं ते बघा. मग त्या दारात जाऊन दोन मिनिटं बोला.

बास, आज इतकंच. चहा पुन्हा गार झाला.